परसबागेतली भाजी वर्षानुवर्षं टिकवायची असेल तर : घरगुती फ्रीझ ड्रायिंग नीट समजून घेऊ

परसबागेतली भाजी कधी आपल्या सोयीने येत नाही. दोन-तीन महिने हाताला काही लागत नाही, आणि मग मटार, टोमॅटो, घेवडा सगळं एकाच पंधरवड्यात तयार होतं. ताजं खाऊन संपत नाही, शेजारीपाजारी वाटूनही उरतं. उरलेलं टिकवायचे मार्ग आहेतच. डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर भाजीची चव बरी राहते, पण वीज गेली की जीव टांगणीला लागतो. उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवली तर टिकते, पण आक्रसते, काळवंडते आणि शिजवल्यावरही जराशी चिवट लागते. फ्रीझ ड्रायिंगमध्ये भाजी आधी गोठवतात आणि मग तिच्यातला बर्फ वितळू न देता थेट वाफ करून काढून टाकतात. अशा भाजीचा आकार जवळपास तेवढाच राहतो, रंग टिकतो, वजन मात्र आठव्या-दहाव्या हिश्श्यावर येतं. शिवाय ती ठेवायला फ्रीज लागत नाही.

हे काम करणारी यंत्रं आता घरगुती आकारात मिळतात आणि त्यांच्याविषयी खूप उत्साहाने बोललं जातं. तो उत्साह मलाही आहे. पण एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. यंत्र फक्त पाणी काढतं. ते जंतू मारत नाही, आणि सुकलेली भाजी पुढची वर्षं सांभाळतही नाही. ही दोन्ही कामं आपल्याला करावी लागतात, आणि बहुतेक वेळा माल बिघडतो तो तिथेच.

बर्फ न वितळता जातो कुठे?

साध्या वाळवणीत पाणी द्रवरूपातच आतून बाहेर सरकतं. सरकताना पेशींच्या भिंती आत ओढतं, म्हणून गाजराची चकती सुरकुतते. त्या पाण्यात विरघळलेली साखर आणि क्षारही पृष्ठभागाकडे येतात आणि तिथे कडक कवच धरतं. पुढे शिजवताना पाणी आत शिरायला वेळ लागतो, त्यात हे कवच आणि आक्रसलेल्या पेशी या दोन्हींचा हात असतो.

बर्फाचं तसं होत नाही. तो आहे तिथेच घट्ट बसून राहतो आणि पेशींच्या भिंतींना आतून आधार देतो. तो जागच्या जागी वाफ होऊन गेला, तर मागे त्याच्या आकाराची पोकळी उरते आणि भाजीचा सांगाडा शाबूत राहतो. शाळेच्या पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. कापूर उघडा ठेवला की द्रव न होताच उडून जातो, तोच हा प्रकार. पाण्याच्या बाबतीत मात्र एक अट आहे. पाण्याच्या वाफेचा दाब 611 पास्कलच्या खाली असेल तर द्रवरूप पाणी टिकूच शकत नाही. एकतर बर्फ, नाहीतर वाफ. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. म्हणून यंत्रात बंद कप्पा असतो आणि त्यातली हवा काढायला व्हॅक्यूम पंप. घरगुती यंत्रं साधारण 70 पास्कल किंवा त्याहून खाली उतरतात.

इथे बऱ्याच जणांची समजूत अशी होते की पंपच भाजीतलं पाणी ओढून घेतो. तसं नाही, आणि का नाही हे बघण्यासारखं आहे. 100 पास्कल दाबाला एक ग्रॅम बर्फाची वाफ हजार लिटरपेक्षा जास्त जागा व्यापते. दोन किलो गाजरात पावणेदोन किलो पाणी असतं. म्हणजे जवळपास वीस लाख लिटर वाफ! एवढी वाफ बाहेर फेकायचं काम लहान पंपाच्या आवाक्यातलं नाही. पंप फक्त मधली हवा दूर करतो. वाफ पकडतात त्या कप्प्याच्या गार भिंती. उणे 20 अंशांवरच्या बर्फाच्या वाफेचा दाब सुमारे 103 पास्कल असतो, उणे 40 अंशांवर तो जेमतेम 13 पास्कल. भाजी उणे 20 ला आणि भिंत उणे 40 ला असेल, तर वाफ आपोआप भाजीकडून भिंतीकडे जाते आणि तिथे पुन्हा बर्फ होऊन चिकटते. काम संपल्यावर दार उघडलं की आतल्या भिंतीवर पांढऱ्या बर्फाचा जाड थर दिसतो. आदल्या दिवशी तेच पाणी भाजीत होतं.

आता आणखी एक गंमत. गोठवणाऱ्या या यंत्रात ट्रेखाली हीटरही असतात. बर्फाची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते, किलोमागे सुमारे 2,840 किलोज्यूल. ही उष्णता बाहेरून दिली नाही तर उरलेला बर्फ आणखी गार होत जातो आणि वाफ होणं जवळपास थांबतं. म्हणून हळूहळू ऊब द्यावी लागते. उष्णता फार दिली तर बर्फ वितळतो, भाजी फसफसते किंवा बसते आणि सगळा फायदा जातो. पूर्ण यंत्राची कसरत या एका तोलावर चालते.

बर्फ संपला तरी काम संपत नाही. थोडं पाणी मुळात गोठतच नाही. ते पिष्ट, प्रथिनं आणि साखरेच्या रेणूंना चिकटून बसलेलं असतं. ते सोडवायला शेवटच्या टप्प्यात ट्रेचं तापमान 50 अंशांच्या आसपास नेऊन काही तास ठेवतात. दोन-तीन टक्क्यांपर्यंत ओलावा उतरतो तो या टप्प्यात. घाईत नेमका हाच टप्पा आखूड केला जातो.

यंत्राशिवाय जमेल का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यामागे खरं निरीक्षणही आहे. फ्रीझरमध्ये बरेच दिवस राहिलेल्या मटारवर पांढुरके, कोरडे चट्टे पडतात. तेही संप्लवनच. फ्रीझरच्या कोरड्या हवेत बर्फ सावकाश उडत असतो. म्हणून पातळ चकत्या ट्रेवर उघड्या ठेवून आठवडेच्या आठवडे वाट बघितली तर त्या बऱ्यापैकी सुकतात. पण ‘बऱ्यापैकी’ इथे पुरत नाही. चिकटून बसलेलं पाणी तसंच राहतं, आत किती ओल आहे ते कळत नाही, आणि फ्रीझरमधून काढताक्षणी ती भाजी हवेतली ओल ओढायला लागते. प्रयोग म्हणून जरूर करून बघा, त्या चकत्या लगेच आमटीत-सूपमध्ये वापरा. वर्षानुवर्षांच्या साठ्यासाठी मात्र हा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही.

जंतू मरत नाहीत, झोपतात

जिवाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जिवंत ठेवायला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा हेच तंत्र वापरतात. पॅरिसमध्ये दार्सोंव्हाल आणि बोर्दास या शास्त्रज्ञांनी 1906 साली निर्वातात गोठवून सुकवण्याचं काम केलं. दुसऱ्या महायुद्धात जखमींसाठी लागणारा रक्तातला प्लाझ्मा याच रीतीने सुकवून आघाडीवर पाठवला गेला. नाजूक जैविक पदार्थाला धक्का न लावता पाणी काढणं, हीच या तंत्राची मूळ ताकद. भाजीचा रंग आणि वास राखणारी ही ताकद भाजीवरच्या साल्मोनेला किंवा ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंनाही राखते. पाणी नाही म्हणून ते वाढत नाहीत, इतकंच. पाणी मिळालं की जागे होतात.

म्हणून ज्या भाजीला माती लागलेली असते, ती वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची, किडका-सडका भाग काढायचा, हात, सुरी आणि ट्रे स्वच्छ ठेवायचे. जी भाजी एरवी शिजवून खातो ती सुकवल्यानंतरही शिजवूनच खायची. कुरकुरीत झाली म्हणून ती खायला तयार झाली असं नाही. दुकानात विकतात ते सुकवलेले मटार नुसते चघळता येतात, पण तो माल सुकवण्याआधी काय काय सोसून आलेला असतो ते आपल्याला दिसत नाही.

भाजी तयार करताना

भाजी तोडल्यावरही तिच्यातली एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, काम करत राहतात. गोठवल्यावर ती मंदावतात, सुकवल्यावर थबकतात, पण नष्ट होत नाहीत. पुढे वर्षभरात रंग फिका पडणं, गवतासारखा वास येणं ही त्यांची करामत. त्यांना नष्ट करायला भाजी थोडा वेळ उकळत्या पाण्यातून काढायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची. मटार दीड मिनिट, पालक दोन मिनिटं, गाजराचे छोटे चौकोनी तुकडे दोन मिनिटं, घेवडा आणि फ्लॉवर तीन मिनिटं. पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून वेळ मोजायचा. बटाटा तर कच्चा सुकवूच नये, काळा पडतो. अर्धाकच्चा उकडून घ्यावा. कांदा, ढोबळी मिरची आणि सुगंधी पानं मात्र न उकळता चालतात. कांदा एकट्यानेच सुकवा, त्याचा वास ट्रेवरच्या बाकी सगळ्याला लागतो.

यानंतर चिरण्याचा प्रश्न, आणि यात फार मोठा फरक पडतो. वाफेला बाहेर यायला आधीच सुकलेल्या थरातून वाट काढावी लागते, आणि हा थर जसजसा वाढतो तसतशी वाट लांबते. म्हणून जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट लागू शकतो. एक सेंटिमीटरच्या आतले, सारख्या मापाचे तुकडे उत्तम. सारखेपणा महत्त्वाचा, कारण पूर्ण ट्रे सगळ्यात जाड तुकड्यासाठी थांबलेला असतो. ज्याला साल आहे त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. चेरी टोमॅटो, अख्खी मिरची, मटाराचा दाणा यांची साल वाफ अडवते. टोमॅटो आणि मिरची अर्धी करून, कापलेली बाजू वर ठेवावी. मटाराला ज्यादा वेळ द्यावा. जमत असेल तर दाणे जरासे दाबून त्यांची साल फोडावी.

तुकड्यांवरचं पाणी पुसून ट्रेवर एकाच थरात पसरून डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवले की यंत्राचे काही तास वाचतात. इथे एक नाजूक गणित आहे. सावकाश गोठवलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात. मोठ्या स्फटिकांमुळे मोठ्या पोकळ्या उरतात, भाजी लवकर सुकते. पण तेच स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात आणि भिजवल्यावर भाजी मऊ पडते. झटपट गोठवलं की पोत चांगला राहतो, सुकायला वेळ लागतो. घरचा फ्रीझर पहिल्या प्रकारात मोडतो. शिजवून खायच्या भाजीला तेवढं चालतं. काकडी किंवा सॅलडची पानं मात्र कितीही जपून सुकवली तरी भिजवल्यावर पुन्हा करकरीत होणार नाहीत. त्यांच्यावर यंत्राचा वेळ घालवू नये.

साखर जास्त असलेली भाजी सावकाश घ्यावी लागते. गोठताना पाणी बर्फ होत जातं आणि उरलेल्या द्रवात साखर दाट होत जाते. ऊसाच्या साखरेचा असा दाट पाक उणे 32 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय काचेसारखा घट्ट होत नाही. फळांतल्या साखरेला त्याहूनही गार लागतं. तो घट्ट नसताना ऊब दिली की सांगाडा कोसळतो आणि ट्रेवर चिकट पापुद्रा उरतो. बीट, गोड मका, पिकलेला टोमॅटो यांच्या बाबतीत ही शक्यता ध्यानात ठेवावी, आणि तुपातेलात परतलेली भाजी तर ट्रेवर नकोच. तेल उडून जात नाही, ते तिथेच राहतं आणि पुढे खवट होतं.

सुकली हे कशावरून ओळखायचं

यंत्र ‘काम झालं’ म्हणतं ते अंदाजाने. खात्री वजनकाट्याने करायची, आणि ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. दोन किलो गाजराचं उदाहरण घेऊ. गाजरात 88 टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग सुमारे 240 ग्रॅम. दोन टक्के ओलावा धरला तर शेवटी ट्रेवर 245 ग्रॅमच्या आसपास माल उरायला हवा. काटा 290 दाखवत असेल तर तुकडे हाताला कितीही खडखडीत लागोत, आत पाणी आहे. नेमकं आधीचं वजन माहीत नसेल तर दुसरी रीत अशी : ट्रेचं वजन करा, पुन्हा दोन तास यंत्रात ठेवा, परत वजन करा. वजन उतरलं तर अजून ठेवा. उतरलं नाही तर झालं.

याच्या जोडीला हाताची परीक्षा. सगळ्यात जाड तुकडा निवडून मधोमध मोडायचा. कट्‌कन मोडून भुगा झाला पाहिजे. मध्ये गडद ठिपका दिसला, रबरासारखं लागलं किंवा ओठाला लावल्यावर गार वाटलं, तर आत बर्फ शिल्लक आहे. ट्रेच्या मधल्या भागातला तुकडा जरूर तपासा, बहुतेक वेळा तोच मागे राहतो.

हे सगळं व्हायला एका खेपेला साधारण एक ते दोन दिवस लागतात. पावणेदोन किलो पाण्याची वाफ करायला सिद्धांताप्रमाणे दीड युनिटच्या आत वीज पुरायला हवी. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जाते, कारण पंप आणि कॉम्प्रेसर पूर्ण वेळ चालू असतात. पंपाचा आवाजही दिवसभर घुमतो, तेव्हा यंत्राची जागा झोपायच्या खोलीपासून लांब असावी. पंप तेलाचा असेल तर थोडी वाफ त्या तेलात उतरते. तेल दुधाळ दिसायला लागलं की ते काढून गाळा किंवा बदला. व्हॅक्यूम नीट धरत नाही या तक्रारीमागे बरेचदा खराब तेल नाहीतर दाराच्या रबरावर अडकलेला भाजीचा कण असतो.

पिशवी भरताना घाई करायची ती इथे

सुकलेली भाजी आतून स्पंजसारखी सच्छिद्र असते. म्हणूनच ती भिजवल्यावर मिनिटांत फुलते, आणि त्याच कारणाने हवेतली ओल आणि प्राणवायू तितक्याच वेगाने आत घेते. दमट हवेत उघडा ठेवलेला ट्रे बघता बघता सादळतो. दार उघडण्याआधी पिशव्या, सील करायचं यंत्र, लेबलं सगळं मांडून ठेवा. ट्रे एकेक करून बाहेर काढा, भरा, बंद करा.

पिशवी अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली, जाड मायलरची (एक प्रकारच्या पॉलिस्टरची) घ्यावी. साध्या प्लॅस्टिकमधून प्राणवायू आणि ओल दोन्ही हळूहळू झिरपतात. काचेची घट्ट झाकणाची बरणीही चालते, फक्त अंधारात ठेवायची. उजेडाने पालकाचं हिरवेपण आणि गाजराचा केशरी रंग दोन्ही उडतात. आत प्राणवायू शोषणारी पुडी टाकायची. तिच्यात लोखंडाची पूड असते आणि ती गंजताना आतला प्राणवायू वापरून टाकते. एक लिटर हवेत सुमारे 200 मिलिलिटर प्राणवायू असतो. पिशवी भाजीने भरलेली दिसली तरी त्या भाजीच्या आत हवाच असते, म्हणून पिशवीच्या पूर्ण मापाचा हिशोब धरून पुडी निवडा. लिटरमागे 300 सीसीची, म्हणजे 300 मिलिलिटर प्राणवायू शोषणारी पुडी टाकली तर चिंता नको. पुड्यांचं पाकीट फोडलं की त्या लगेच कामाला लागतात. लागतील तेवढ्या काढून बाकीच्या ताबडतोब बंद करा. हाताला खड्यासारखी कडक लागणारी पुडी संपलेली असते. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी त्याच पिशवीत घालू नये. लोखंडाला गंजायला लागणारा थोडासा ओलावा तीच पिऊन टाकते.

इथेच सगळ्यात गंभीर धोका आहे, तो स्पष्ट सांगतो. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला प्राणवायू नसलेली जागा लागते आणि ओल लागते. पुडी टाकून पहिली अट आपणच पूर्ण करतो. म्हणजे संरक्षण उरतं ते फक्त कोरडेपणाचं. अर्धवट सुकलेली भाजी पुडीसह बंद करणं हे उघडी ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. वजनाची खात्री झाली नसेल तर पिशवी बंद करू नका, आणि बंद केलेल्या पिशवीतले तुकडे पुढे कधी मऊ लागले तर चव न बघता टाकून द्या.

पंचवीस वर्षं टिकते, असं विक्रेते सांगतात. उत्तम सुकवलेली, उत्तम बंद केलेली आणि सतत गार, अंधाऱ्या जागी ठेवलेली भाजी फार काळ टिकते यात शंका नाही. पण साठ्याची जागा दहा अंशांनी गरम असेल तर बिघाडाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पोटमाळ्यावर, पत्र्याखाली ठेवलेल्या पिशवीकडून तीच अपेक्षा धरता येत नाही. घरच्या मालासाठी काही वर्षांचा हिशोब धरावा, जुनं आधी वापरावं, आणि प्रत्येक खेपेतली एक छोटी पिशवी वर्षभराने उघडून बघावी. गाजराचा रंग फिका पडून उग्र वास येत असेल तर प्राणवायू आत गेला आहे. त्या खेपेतल्या बाकी पिशव्या लवकर संपवाव्यात.

लेबलवर नाव आणि तारखेसोबत दोन आकडे जरूर लिहा : सुकण्याआधीचं वजन आणि नंतरचं. त्यांच्यातला फरक म्हणजे भिजवायला लागणारं पाणी. गाजरासाठी एक भाग भाजीला सात भाग पाणी येईल. प्रत्यक्षात तेवढं सगळं परत शोषलं जात नाही, म्हणून सुरुवातीला थोडं कमी घाला आणि लागेल तसं वाढवा. रस्सा किंवा सूप करायचं असेल तर भिजवायचीही गरज नाही, थेट उकळत्या पातेल्यात टाका. पालकासारख्या पानांची पूड करून ठेवली तर जागाही कमी लागते. भिजवलेली भाजी ताज्या भाजीइतकीच नाशवंत असते. लगेच शिजवा, उरली तर फ्रीजमध्ये. आणि मोठी पिशवी एकदा उघडली की आतला माल रोजच्या रोज हवा खात राहतो, तेव्हा एका वेळच्या स्वयंपाकाला पुरेल एवढ्या लहान पिशव्याच भराव्यात.